एंडोमेट्रिओसिस आहे, रक्तातली एनके सेल टेस्ट करून घेऊ का?

ताई, घाई करू नका. वाशीच्या सेंटरमध्ये तुम्हाला ‘किलर पेशी वाढल्यात म्हणून गर्भ राहत नाही’ असं सांगितलं, हे वाचून वाईट वाटलं. एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी; निम्मी भीती त्या नावाचीच आहे. गर्भाशयातल्या एनके पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. बीज सुटल्यावर त्या वाढतात, आणि गर्भ रुजला की सुरुवातीला अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 70 टक्के त्याच असतात. आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला त्या मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त नीट पोचतं.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, त्यामुळे गडबड बरीचशी ओटीपोटाच्या पोकळीतली. तिथल्या एनके पेशी सुस्तावतात, भलतीकडे रुजलेलं अस्तर साफ होत नाही, मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) दाह वाढवतात. गर्भाशयातल्या पेशींमध्येही बदल दिसतात, पण वंध्यत्व त्यांच्यामुळेच येतं हे सिद्ध झालेलं नाही.

रक्त तपासून गर्भाशयातलं कळत नाही. युरोपातल्या ‘एश्रे’ या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेनं 2023 मध्ये ही चाचणी आणि इंट्रालिपिड (त्यावर शिरेतून देतात ते स्निग्ध द्रावण) सरसकट नको असंच म्हटलंय. त्यापेक्षा एएमएच (बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), गर्भनळ्यांची तपासणी आणि मिस्टरांची वीर्यतपासणी झाली आहे ना, ते आधी बघा. माझी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) ठाण्यात झाली. त्याआधी मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं होतं, तुम्हीही घ्याच.