यादीतली एकतीस कामे

आईवडिलांच्या मागे रिकामे राहिलेले जुने घर आधी दुरुस्त करावे आणि मग विकावे, की आहे त्या स्थितीत विकून मोकळे व्हावे, हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या भावंडांकडून मी वारंवार ऐकते. प्रश्न दिसायला हिशेबाचा असतो, त्यामुळे तो माझ्याकडे का आणला जातो याचे मला पूर्वी नवल वाटे. येथे सांगितलेल्या प्रसंगातील ओळख पटू शकेल असे तपशील मी बदलले आहेत.

पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांचे धाकटे बंधू एकत्र आले होते. घर चाळीस वर्षांचे जुने असून आईच्या मृत्यूनंतर अडीच वर्षे कुलूपबंद होते. न्हाणीघराच्या फरशा उखडल्या आहेत, भिंतींना ओल आहे, विजेची जोडणी जुनी आहे, आणि असे घर परक्यांना दाखवण्याचीच लाज वाटते, असे बाईंचे म्हणणे होते. बंधूंच्या मते त्यावर एक छदामही खर्च करण्यात अर्थ नव्हता.

"ताई, घेणारा सगळं तोडूनच टाकणार आहे."

"टाकू दे. आपण देताना नीट द्यायला हवं."

अडीच वर्षांत ना दुरुस्ती झाली होती, ना विक्री. भावंडांचे बोलणे मात्र या एका विषयापुरते उरले होते.

येथे माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. बाईंचा आग्रह ऐकून मी त्याला मालकीच्या मोहाचे नाव दिले आणि डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श व रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांना सांगितला. त्यात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले होते, आणि ज्यांना मग मिळाला त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही बाकीचे विद्यार्थी तो घेण्यासाठी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली होती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पण मी जास्त किंमत मागतच नाही आहे." ते खरेच होते. जास्त किंमत मागत होते ते बंधू: घर आहे त्या स्थितीत विकायचे, परंतु अपेक्षा मात्र नुकतेच नूतनीकरण झालेल्या शेजारच्या घराला आलेल्या किमतीची. प्रयोग योग्य होता, मी तो चुकीच्या माणसाला ऐकवला होता.

व्यवहाराच्या बाजूविषयी मी त्यांना स्थापत्य अभियंत्याकडे आणि वकिलाकडे पाठवले, कारण तो माझा प्रांत नाही. तरीही अशा अनेक कुटुंबांबरोबर बसल्यामुळे काही गोष्टी मला ठाऊक झाल्या आहेत. स्वयंपाकघर वा न्हाणीघर विक्रीपूर्वी नवे करण्यावरचा खर्च बहुधा पुरता वसूल होत नाही, कारण नव्या मालकाची आवड निराळी असते. शिवाय काम लांबले की रिकाम्या घराचा कर आणि देखभाल विकणाऱ्याच्याच माथी राहते. दुसरीकडे, दुरुस्ती न करता विकताना घेणारा केवळ दुरुस्तीचा खर्च वजा करीत नाही, तर आत आणखी काय निघेल या भीतीचाही खर्च वजा करतो. ही भीती कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे घराची तपासणी करून घेणे, एक-दोन ठेकेदारांकडून कामांचे अंदाजपत्रक घेणे आणि ही कागदपत्रे इच्छुकांपुढे उघडपणे ठेवणे. घराच्या सांगाड्यातच मोठा दोष असेल तर कर्ज देणारी संस्था मूल्यांकन कमी करते किंवा कर्जच नाकारते, आणि मग रोख रक्कम हाती असलेले मोजकेच ग्राहक उरतात. अशा वेळी ते एक काम करून घेणे फायद्याचे ठरू शकते.

ओलीच्या भिंतीवर नुसता रंग मारून घ्यावा, असे बंधूंनी एकदा सुचवले. त्या ठिकाणी मी समुपदेशकाचा संयम थोडा बाजूला ठेवला. दुरुस्ती न करणे ही विकणाऱ्याची निवड असते, ठाऊक असलेला दोष झाकणे ही फसवणूक असते, आणि "जसे आहे तसे" असे करारात लिहिले तरी लपवलेल्या गंभीर दोषाची जबाबदारी अनेक देशांच्या कायद्यांत विकणाऱ्यावर येऊ शकते.

त्यानंतरच्या भेटीला मी बाईंना कामांची यादी लिहून आणायला सांगितले. यादीत एकतीस कामे होती. प्रत्येक कामापुढे ते कोणासाठी करायचे आहे हे लिहावे, अशी मी विनंती केली. ठिणग्या उडवणारा विजेचा खटका आणि माळ्यावरची गळकी जलवाहिनी यांपुढे त्यांनी "घेणाऱ्यासाठी" असे लिहिले. उंच पडणारा ओटा, अंधारा जिना, वर्षानुवर्षे न लागणारी ओट्यासमोरची खिडकी, या ओळींशी येऊन पेन थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ही आईची यादी आहे. ती दर वेळी सांगायची आणि मी म्हणायची, पुढच्या सुट्टीत बघू."

बंधू तोवर खिडकीबाहेर पाहत होते. मला सांगितले असते तर मी केले असते, असे काहीसे ते पुटपुटले, आणि मग त्यांनी स्वतःच ते वाक्य मागे घेतले, कारण आईने त्यांनाही सांगितले होते.

तो तास आम्ही घराविषयी बोललोच नाही. राहून गेलेल्या सेवेचे ऋण गवंड्याच्या हातून फिटत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. ते त्या खोलीत दोघांनाही कळत होते, आणि अशा वेळी बोलणारा समुपदेशक अडचणच करतो असे माझे मत आहे. पुढच्या भेटीत मात्र निर्णय भराभर झाले. खटका आणि जलवाहिनी दुरुस्त करायची, घर रिकामे करून स्वच्छ करायचे, तपासणीचा अहवाल प्रत्येक इच्छुकाला द्यायचा, आणि किंमत शेजारच्या घराकडे न पाहता याच अहवालाच्या आधारे ठरवायची. ओलीची भिंत तशीच दाखवायची, हे बंधूंनी आपणहून सांगितले.

यादीतले आणखी एक काम करण्याची परवानगी बाईंनी भावाकडे मागितली: ओट्यासमोरची खिडकी. तिच्यामुळे किंमत वाढणार नाही हे मान्य करून त्यांनी तो खर्च स्वतःच्या खात्यातून केला. घर घेणारे कुटुंब स्वयंपाकघराची ती भिंतच काढून टाकणार होते, आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलेही होते. ताबा देण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी भावाला तेथे बोलावून घेतले आणि खिडकी आता एका हाताने लागते हे दाखवले. त्याने ती दोन-तीनदा उघडून लावून पाहिली.