आई 67 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टर गुडघे बदलायला सांगतात पण नातेवाईक म्हणतात अंथरुणाला खिळेल. ऑपरेशन करावं का?

दादा, एक्सरे जरा बाजूला ठेवा आणि आईचं काय काय बंद झालंय ते तिलाच विचारा. रात्री ठणक्याने झोप मोडते का, घरातल्या घरात भिंत धरून चालते का? माझी माय धुळे जिल्ह्यातली, जन्मभर कापूस वेचला, 'मन्हा गुडघा भलता दुखस' म्हणत आधी शेत सुटलं, मग कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, भाऊबंदांकडे जाणंही सुटलं, तेव्हा आम्ही ऑपरेशनचं ठरवलं. एक्सरे खराब आहे पण बाई हिंडते-फिरते, तर घाई नको. पण व्यायाम, गोळ्या, काठी, वजन कमी करणं सगळं करूनही भागत नसेल तर वर्षानुवर्षं लांबवू नका, गुडघा वाकडाच आखडतो आणि मांडीचे स्नायू बारीक होतात, मग ऑपरेशननंतर पाय सरळ करणं फार जड जातं.

लोकांना वाटतं अख्खा गुडघा कापून काढतात. तसं नाही हो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी, झिजलेली असते, म्हणून हाडावर हाड घासतं. दाताला कॅप बसवतात ना तसं दोन्ही हाडांचा साधारण एक सेंटीमीटर थर काढून वर धातूची टोपी, खाली धातूची प्लेट आणि मध्ये टणक प्लास्टिक बसवतात. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन करतात, एका पायाला दीड-दोन तास, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. खिळण्याची भीती घालणाऱ्यांना सांगा, वाजपेयींचा एक गुडघा 2000 ला बदलला, दुसरा 2001 ला, आणि ते 2004 पर्यंत पंतप्रधान होते.

खरी परीक्षा घरी आल्यावर असते. पहिले सहा आठवडे रोज व्यायाम, दुखलं तरी. आई रडेल, 'राहू दे आज' म्हणेल, तिची दया येऊन फिजिओला परत पाठवू नका. आणि एक गोष्ट सगळ्या घरांत चुकते, बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. ती टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा सरळ होतो, नाहीतर कायमचा थोडा वाकडा राहतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरात माणूस असेल तेव्हाच तारीख घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत नको, सगळं घर शेतात आणि म्हातारी एकटी खाटेवर, असं होतं आपल्याकडे. कमोड आणि उंच पलंग आधीच करून ठेवा, मांडी घालून किंवा उकिडवं बसणं आता सोडायचं.

धोकेही ऐका. शंभरात एक-दोघांना इन्फेक्शन होतं, म्हणून शुगर आटोक्यात, किडका दात आणि लघवीचं इन्फेक्शन आधीच बरं करून घ्या. पोटरी सुजून दुखली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. सूज आणि गरमपणा काही महिने राहतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, त्याला घाबरू नका. आणि दहातले एक-दोन जण ऑपरेशन नीट होऊनही पूर्ण खूश नसतात, हे आईला आधी सांगा, तिचा हक्क आहे तो.

पैशाचं म्हणाल तर 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमवाल्याची तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी होती. म्हणून पॅकेजमध्ये इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, बिलावर इम्प्लांटचा स्टिकर लावून घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा, गुडघा त्या दवाखान्यात योजनेत बसतो का ते तोच सांगेल. ऑपरेशनला रोबोटची मदत आहे म्हणून जास्त पैसे मोजण्यापेक्षा सर्जन वर्षाला किती गुडघे करतो ते विचारा, जळगाव असो की नाशिक. दोन्ही एकदम करायचे की काही महिन्यांच्या अंतराने, ते आईचं हृदय आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या.