कथा बसमध्ये, पण घडते कुठे?

प्रश्न : संध्याकाळच्या केएमटीत (कोल्हापूरच्या शहर बसमध्ये) एका निवृत्त कारकुनाला जुना सहकारी दिसतो, पण तो ओळख देत नाही. एवढ्यावर १८०० शब्दांची कथा लिहिली. 'वर्णन छान, कथा नाही' असा शेरा मारून दिवाळी अंकानं परत पाठवली. नवकथेत, म्हणजे घटनेपेक्षा मनातल्या हालचालींवर भर देणाऱ्या कथेत, तसंही काही घडत नाही ना?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घडतं. घटना लहान असते, पण हिशेब चोख असतो. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या संग्रहातली (१९१४) 'अ‍ॅरबी' ही कथा घ्या. मित्राच्या बहिणीसाठी मुलाला बाजारातून भेटवस्तू आणायचीय. पैसे देणारा काका घरी येतो रात्री नऊला. मुलगा पोचतो तेव्हा दहाला दहा कमी. दोन शिलिंगांतला एक दाराशीच जातो, शेवटी खिशात उरतात आठ पेनी. दुकानं बहुतेक बंद, दिवे मालवत आलेले. घड्याळ आणि चिल्लर मिळून पोराची कोंडी करतात, म्हणून शेवटचा त्याचा संताप पटतो.

तुमच्या हस्तलिखितात ही कोंडीच नाही. कारकून कुठे चढला, कुठे उतरणार, सहकाऱ्याशेजारची सीट कधी रिकामी झाली, हे आधी ठरवा. थांबा जवळ येतोय आणि सहकारी खिडकीबाहेरच बघतोय, एवढा ताण पुरे. थांबा गेला तरी कारकून उठला नाही, की झाली कथा.

'त्याला वाटलं की यानं आपल्याला ओळखलं नसावं' यातलं 'त्याला वाटलं की' उडवा. 'ओळखलं नसेल. की ओळखूनच मान फिरवली?' असं लिहिलंत की वाचक थेट त्याच्या डोक्यात शिरतो. मात्र लगेच कंडक्टरच्या मनात डोकावू नका. चौथ्या पानावर धागा तुटतो तो त्यामुळेच. आणि रंकाळा, भवानी मंडप, तांबडा-पांढरा सगळं एका फेरीत कशाला? पर्यटन खात्याचं माहितीपत्रक नव्हे हे. कारकुनाचा संबंध असलेली एकच जागा ठेवा.

'शहरात माणूस शेवटी एकटाच' हा अखेरचा परिच्छेद सरळ काढा.

प्रश्न : नवकथा वाचायला सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी गंगाधर गाडगीळ, मग अरविंद गोखले. कोल्हापूरला येणं झालं तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. संग्रह एका बैठकीत संपवू नका, सगळ्या कथा एकसारख्या वाटायला लागतात. दिवसाला एक पुरे, आणि ती संपली की पहिला परिच्छेद पुन्हा वाचा.