वॉकी-टॉकीवर 'प्रायव्हसी कोड' टाकला की बाहेरच्या कुणाला बोलणं ऐकू येत नाही, हे खरं का?

नाही. सोसायटीच्या वॉचमनसाठी सेट विकताना दुकानदारानं तुम्हाला अर्धवटच सांगितलंय.

त्या कोडनं बोलणं लपत नाही, तुमच्याच सेटचा स्पीकर गप्प बसतो. बटण दाबून बोलताना आवाजाखाली एक खर्जातला सूर जातो, ६७ ते साधारण २५० हर्ट्झच्या दरम्यानचा. स्पीकरपर्यंत जाण्याआधी सेट तो गाळून टाकतो. पलीकडच्या सेटला ठरलेला सूर सापडला तरच त्याचा स्पीकर उघडतो. त्यामुळे शेजारच्या बांधकामावरची बडबड तुमच्या कानावर येत नाही, तुमची मात्र ते खुशाल ऐकू शकतात. पडताळून पाहायचंय? एक सेट घ्या, चॅनल तोच ठेवा, कोड शून्यावर आणा. गेटवरचं सगळं ऐकू येईल. तुमचे सेट परवाना न लागणाऱ्या प्रकारचे असतील तर ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालत असणार. भारतात २०१८ च्या नियमांनी खुला झालेला हा पट्टा इतका अरुंद, की तिथं गर्दी असणारच.

मग डिजिटल घ्यावेत का? नुसतं डिजिटल म्हणजे कूटबद्ध नव्हे. डीएमआर या डिजिटल वॉकी-टॉकीच्या प्रचलित पद्धतीतलं साधं बोलणं रेडिओ लहरी पकडणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल आणि फुकटचं सॉफ्टवेअर वापरून उलगडता येतं. एईएस-२५६ सारखं भक्कम एन्क्रिप्शन (कूटबद्ध करणं) आणि स्वतःची 'की', म्हणजे कूट उघडायची गुप्त किल्ली, असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथंही ठेच लागतेच. पोलिसांसारख्या यंत्रणा वापरतात त्या युरोपातल्या टेट्रा रेडिओमधल्या 'टीईए१' या कूटपद्धतीची किल्ली कागदावर ८० बिटांची, प्रत्यक्षात ती ३२ बिटांवर आणून ठेवलेली होती. डच संशोधकांनी २०२३ मध्ये हे चव्हाट्यावर आणलं.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते अमेरिकेतलं प्रकरण. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की संघीय तपास यंत्रणांचं गुपित बोलणं दर शहरी रोज सरासरी वीस मिनिटांहून अधिक उघड्यावर जात होतं. कूट कुणी फोडलं नव्हतं; एन्क्रिप्शन चालू की बंद, हे सेटकडे पाहून सहज कळत नव्हतं आणि बंद असलं तरी संभाषण सुरळीत व्हायचं!

मी हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला आहे. आम्हाला कूटबद्ध बोलायची मुभाच नाही, त्यामुळे कुणीतरी ऐकतंय हे धरूनच बोलतो. चोरून ऐकणं बेकायदा आहे खरं, पण ऐकणारा काही प्रक्षेपण करत नाही, सापडणार कसा? वॉचमनला एवढंच सांगा: 'बी-७०२ चे लोक गावाला गेलेत' असलं काही सेटवर बोलायचं नाही, त्यासाठी इंटरकॉम आहे.