दगडांच्या घेरात बघायचं काय?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत नागपूरला भावाकडे जातेय. बहिणीने इंग्लंडहून स्टोनहेंजचे, म्हणजे तिथल्या प्राचीन दगडी वर्तुळाचे, फोटो पाठवल्यापासून मुलं ‘आपल्याकडचं असलं काही दाखव’ म्हणून मागे लागलीत. नागपूरजवळ जुनापाणीला जुने दगडी घेर आहेत, तिथे न्यावं का? भाऊ म्हणतो, तिथे नुसते दगड आहेत. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचो. एकदा एप्रिलमध्ये भर बाराच्या उन्हात अख्खा नववीचा वर्ग जुनापाणीला नेला. डोक्यावर रुमाल टाकून पोरं अर्धा तास फिरली आणि एकाने विचारलं, “सर, गोल कुठंय?” तो गोलातच उभा होता. चूक त्याची नव्हती, माझी होती. बारा वाजता दगडाला सावली नसते, आणि सावलीशिवाय हे घेर डोळ्यात भरत नाहीत.

तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा, किंवा चारनंतर. डिसेंबर उत्तम, गवत वाळून बसलेलं असतं. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर जागा आहे. स्टोनहेंजचे उभे दगड चार मीटरहून उंच, घडवलेले. आपले घेर काळ्या दगडाच्या बिनघडीच्या धोंड्यांचे, बहुतेक गुडघ्याएवढे. पण स्टोनहेंज एक आहे आणि इथे परिसरात सुमारे ३०० घेर आहेत. मुलांना एका घेरात बसवा. मधली जमीन किंचित फुगीर लागेल. ती भर माणसांनी घातलेली आहे, खाली दफन आहे. स्टोनहेंज साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, हे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे वयाने धाकटे, पण यांच्या लोकांकडे लोखंड होतं आणि घोडा होता.

१९६१-६२ साली बी. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे इथले तीन घेर खणले. त्याआधी रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खणलं होतं आणि १८७९ साली त्यावर लेख छापला. हा गृहस्थ मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त राहिलेला! सरकी बघायला नेमलेला माणूस कट्यारी आणि घोड्याचे लगाम शोधत बसला, याची मला अजून गंमत वाटते. त्याला गावकऱ्यांनी सांगितलं, हे गवळ्यांचं काम. ते ‘गवळी राजे’ आमच्या लहानपणीही गोष्टींत होते.

घोड्याचं प्रकरण मुलांना आवडेल. जवळच्या माहुरझरीला प्रा. शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास खणलं, तेव्हा घोड्यांच्या हाडांबरोबर त्यांच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. मेलेल्या माणसाबरोबर सजवलेला घोडा पुरायचे. जुनापाणीला आधी जा, मग शहरात परतून नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, बघा. उलटं केलंत तर दगड फिके वाटतील. माहुरझरीच्या शेतात कधीकधी अकीकाचे मणी दिसतात. दिसले तर बघा, खिशात घालू नका.

प्रश्न : जुनापाणीच्या काही धोंड्यांवर बारीक खळगे आहेत. आमच्या आजीच्या मते ते धान्य कुटायचे. खरं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आजींना नमस्कार, पण नाही. त्यात मुसळाचं टोकसुद्धा धड मावत नाही. अंगठा टेकेल एवढेच ते असतात, आणि ओळीत असतात. दोन समांतर ओळी, कुठे एकमेकींना छेदून अधिकच्या चिन्हासारख्या. कुटून झिजलेला खळगा असा रांगेत येत नाही. तिरप्या उन्हात एकदा बोट फिरवून बघा, कोरणाऱ्याने मोजून काम केलंय हे कळतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या खुणांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी संबंध सुचवला आहे. मला तो अर्धाच पटतो, कारण दगड मधल्या काळात हलले नसतील याची हमी कोण देणार? खळगे नीट दिसावेत म्हणून त्यात खडू भरणारे मात्र भेटतात. तसं करू नका.

प्रश्न : माझ्या वावरात असाच दगडाचा एक घेर आहे. पऱ्हाटीत वखर अडकतो. दगड काढून धुऱ्यावर टाकू का? सांगितलं तर सरकार वावर घेईल का? – एक शेतकरी, हिंगणा तालुका

उत्तर : भाऊ, टाकू नका. धुऱ्यावर गेलेला धोंडा पुन्हा कुठला होता ते कोणालाच सांगता येत नाही, आणि घेराचं मोल दगडात नाही, तो कुठे बसलाय त्यात आहे. वखर घेराच्या बाहेरून फिरवा, पिकाच्या दोन-चार ओळी कमी होतील.

वावराची भीती मला कळते. नियम असा, की जागा केंद्राने संरक्षित म्हणून घोषित केली तर तिच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. घर, विहीर, गोठा यांचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या कार्यालयात विचारा. पण तुमचा घेर अजून कोणाच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. तालुक्यातले काही आहेत.

आणि खणू नका, गावात कोणी ‘हंडा आहे’ म्हणालं तरी. या घेरांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी आणि काळी-तांबडी मडकी निघतात, सोन्याने भरलेला हंडा नाही. तशातही १८७८चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! त्या काळी बरीच रक्कम असेल, आज चहाच्या कपाची किंमत आहे.

एक फोटो पाठवाल का? सकाळचा, आणि शेजारी वखर ठेवून, म्हणजे घेर केवढा ते मला कळेल.