नव्या फुप्फुसाचे पहिले तीन दिवस : औषधांनी काय साधतं?

माझ्या मोठ्या भावाचं नाव मुंबईत फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस जपायचे, नव्या फुप्फुसालाच इजा होऊ शकते. चांगलं निवडून घेतलेलं फुप्फुस आल्या आल्या बिघडतं कसं? (सिडको)

दात्याच्या छातीतून काढल्यापासून तुमच्या भावाच्या छातीत जोडेपर्यंत त्या फुप्फुसात काही तास रक्त फिरत नाही. थंड ठेवल्याने पेशींची गरज कमी होते, संपत नाही. खरी इजा त्यानंतर, रक्त पुन्हा सुरू झाल्यावर होते. तडे गेलेल्या कोरड्या पाटात एकदम पाणी सोडलं की काठ ढासळतात, तसं काहीसं. ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. एक्स-रेत काळं दिसायला हवं तिथे पांढरं दिसतं. आम्ही याला पीजीडी (प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन) म्हणतो.

तुम्हाला आयसीयूबाहेर एक आकडा ऐकू येईल. समजा व्हेंटिलेटरमधून ५० टक्के ऑक्सिजन चालू आहे आणि धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ९० आला. ९० भागिले ०.५ म्हणजे १८०. एक्स-रे पांढरा आणि हा आकडा २०० च्या खाली, तर इजा गंभीर, म्हणजे ग्रेड ३. पहिल्या ७२ तासांत ही मोजणी पुन्हा पुन्हा होते. अमेरिकेतल्या १० केंद्रांमधल्या १२५५ रुग्णांच्या अभ्यासात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी १६.८ टक्के रुग्ण ग्रेड ३ मध्ये होते. म्हणजे बहुतेकांना इतकी गंभीर इजा होत नाही. पण ज्यांच्यावर ही वेळ येते, त्यांच्यासाठी ते दिवस फार कठीण असतात, हेही मी लपवणार नाही.

म्हणजे शरीराने फुप्फुस नाकारलं, असंच ना? (पंचवटी)

नाही. नाकारणं म्हणजे रिजेक्शन, ते प्रतिकारशक्तीचं काम आणि त्याचे उपचार वेगळे. मात्र पीजीडी गंभीर झाला, तर पुढे जुनाट रिजेक्शनचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांना इतकं महत्त्व.

नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूने ही इजा टळते असं वाचलं. तो आधीच का देत नाहीत? खर्चाची आमची तयारी आहे. (गंगापूर रोड)

तुमची तळमळ समजते, म्हणून सविस्तर लिहितो. कल्पना चांगलीच होती. हा वायू आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतो आणि रक्त पुन्हा सुरू झाल्यावर त्याची पातळी घसरते. मग तो श्वासातून दिला तर? टोरांटोच्या डॉक्टरांनी ८४ रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली, ती २००३ मध्ये छापून आली. सगळ्यांना सरसकट दिल्याने इजा टळली नाही. त्यामुळे तो आज राखून ठेवतात : फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढला, ऑक्सिजन खाली जाऊ लागला, तेव्हा रुग्णाला सावरायला तो खरंच उपयोगी पडतो.

दुसरा प्रयत्न कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनांची साखळी रोखण्याचा. त्या औषधाने पहिल्या २४ तासांत व्हेंटिलेटरवरून सुटणारे वाढले, तरी ते नेहमीच्या वापरात आलं नाही. पीजीडी हमखास रोखणारं एकही औषध आज नाही. कोणी तसं इंजेक्शन सुचवलं, तर कुठल्या चाचणीच्या आधारावर, हे जरूर विचारा.

मग औषधं निरुपयोगी का? मुळीच नाही. ती योग्य क्षणी लागतात. फुप्फुस काढताना कमी पोटॅशियमचं डेक्स्ट्रानयुक्त द्रावण आतून फिरवतात, त्याआधी प्रोस्टाग्लँडिन देतात. त्याने वाहिन्या सैल होतात आणि द्रावण कानाकोपऱ्यात पोचतं. दात्याला आणि रुग्णाला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. जोडल्यावर रक्तवाहिनीवरचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, हळूहळू सोडतात आणि त्या वेळी ऑक्सिजन गरजेपुरताच ठेवतात. वर सांगितलेल्या १२५५ रुग्णांच्या अभ्यासात त्या क्षणी जास्त ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये पीजीडी अधिक दिसला होता. भूलतज्ज्ञाने नॉब किती फिरवायचा याला कुठल्याही महागड्या कुपीइतकं मोल आहे.

नाशिकमध्ये कोणी ब्रेन डेड झालं, तर फुप्फुसं मुंबई-पुण्यापर्यंत टिकतील का? (इंदिरानगर)

टिकू शकतात. बर्फातल्या पेटीत साधारण सहा ते आठ तास हा जुना हिशेब, आणि पोलिसांचा ग्रीन कॉरिडॉर मिळाला की कसारा घाट अडथळा राहत नाही. मला काळजी रस्त्याची नाही, त्याआधीच्या तासांची आहे. ब्रेन डेड रुग्णाचं फुप्फुस व्हेंटिलेटरवरच खराब होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ११८ दाते होते. मोठे श्वास देण्याऐवजी उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलिलिटरचे छोटे श्वास दिले, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ८ ते १० ठेवला, ॲप्निया टेस्टमध्येही (रुग्ण स्वतः श्वास घेतो का, ही तपासणी) फुप्फुस मिटू दिलं नाही, कफ ओढताना नळी न काढता बंद सक्शन केलं. ज्यांची फुप्फुसं प्रत्यारोपणासाठी प्रत्यक्ष काढली गेली, असे दाते २७ वरून ५४ टक्क्यांवर गेले. यात नवं औषध एकही नाही. हे आपल्या नाशिकच्या कुठल्याही बऱ्या आयसीयूत आज रात्रीपासून करता येईल, आणि माझ्या इथल्या सहकाऱ्यांनी ते करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऑपरेशनआधी गुळवेलीचा काढा आणि व्हिटॅमिन सी सुरू करू का? (देवळाली)

नको. या इजेवर त्यांचा फायदा सिद्ध नाही आणि प्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ काहीही प्रत्यारोपणानंतर उलटू शकतं. आत्ता काही चालू असेल, तर टीमला सांगा.

यजमानांचं प्रत्यारोपण होऊन चार महिने झाले. आमची द्राक्षबाग आहे. द्राक्षं खाल्ली तर चालतील का? बागेत जाऊ देऊ का? (पिंपळगाव बसवंत)

द्राक्षं चालतील, नीट धुऊन. टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी वाढवतात ती पपनस आणि ग्रेपफ्रूट, ती पूर्ण बंद. बागेचं मात्र ऐका : छाटणी, शेणखत, कुजलेला पाला यांपासून त्यांना लांब ठेवा. तिथल्या बुरशीचे कण नव्या फुप्फुसात घर करतात. फवारणीच्या दिवशी तर घरातच. बुरशीची किंवा टीबीची औषधं सुरू करायची झाली, तर आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. व्होरिकोनाझोलने टॅक्रोलिमस वर चढतं, रिफाम्पिसिनने खाली कोसळतं. आणि पातळीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात, तर तो रिपोर्ट काही कामाचा नाही.