आईचे डोळे आधी, टेम्पो पुढच्या हंगामाला

पावसजवळच्या एका गावातून एका वाचकाचं पत्र आलंय. घरची ७० हापूस कलमं, स्वतः पतसंस्थेत नोकरीला. हंगामाचा हिशोब मिटल्यावर हातात १,७०,००० रुपये उरलेत आणि त्यातले १,५०,००० पिकअप टेम्पोच्या डाउन पेमेंटला भरायचे, असं ठरलं होतं. तेवढ्यात ७२ वर्षांच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. रत्नागिरीतल्या दवाखान्यात साध्या लेन्सचे एका डोळ्याला ३०,००० सांगितले, मल्टिफोकल लेन्सचे ८०,०००. आई म्हणते, ‘एवढ्यात नको, पिकू दे अजून.’ पत्नीचं म्हणणं, आता आईचा आरोग्य विमा काढू, वर्षाला २६,००० हप्ता आहे, दोन-तीन वर्षांनी त्यातूनच ऑपरेशन होईल. ते विचारतात, काय करू?

नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘चहा ओतताना आई कपात बोट धरते, बोटाला चटका बसला की कप भरला असं समजते.’ माझं उत्तर तिथेच ठरलं. ऑपरेशन याच पावसाळ्यात करा, दोन्ही डोळ्यांचं, आणि टेम्पो एक हंगाम पुढे ढकला. आता पैशांचं बघू.

साधी लेन्स धरली तर दोन डोळ्यांचे ६०,०००. तपासण्या, थेंब, रत्नागिरीच्या खेपा आणि नंतरचा वाचायचा चष्मा यांना १०,००० धरा. झाले ७०,०००. आईला पुढची दहाच वर्षं धरली तरी दिवसाला १९ रुपये पडतात. त्या १९ रुपयांत काय येतं ते बघा. बीपीची आणि साखरेची गोळी वेगळी ओळखता येते. मासे घेताना कल्ला लाल आहे की काळवंडलाय ते स्वतः बघता येतं. तांदळातला खडा दिसतो, पोथी वाचता येते, गडग्यापलीकडून कोण येतंय ते हाक मारायच्या आधी कळतं. म्हाताऱ्या माणसाचा दिवस अशाच गोष्टींचा असतो. त्या एकेक करून सुटल्या की माणूस पडवीतल्या खुर्चीत बसून राहतं, आणि घरातले म्हणतात, ‘आई हल्ली बोलत नाही फारशी.’

माझ्या आत्याचं सांगतो. पहिला डोळा झाल्यावर पट्टी काढली त्या दिवशी ती अंगावरच्या साडीकडे बघत राहिली. वर्षभर ती साडी तिला मळकट राखाडी वाटत होती. ती आकाशी होती. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाप्रमाणे पिवळट होत जातं आणि त्यात निळा रंग मरतो. नवीन लेन्स स्वच्छ असल्यामुळे तो परत येतो.

दुसरी गोष्ट पडण्याची. तुमच्या खळ्याला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, पावसात त्यांवर शेवाळ धरतं आणि न्हाणीघर मागच्या बाजूला, असं तुम्हीच लिहिलंय. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या ३०६ बायकांवर एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साधारण महिन्याभरात केलं, बाकीच्या नेहमीच्या वर्षभराच्या यादीत थांबल्या. लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी राहिलं. हाड मोडलं ते त्यांच्यातल्या ४ जणींचं, थांबलेल्यांमधल्या १२ जणींचं. खुब्याचं हाड मोडलं की खर्च किती होतो आणि घरातलं एक माणूस किती महिने अडकतं, हे कोकणातल्या घराघराला ठाऊक आहे. थांबलात तर पैसे वाचतील असं वाटतं, पण थांबण्यालाही किंमत आहे.

आईचं ‘पिकू दे’ जुन्या काळातलं आहे. पूर्वी टाके घालून ऑपरेशन व्हायचं तेव्हा डॉक्टरच थांबायला सांगत. आता फेको पद्धतीत बारीक छेदातून भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स आत सोडतात. बहुतेकांना भूल थेंबांची असते, काम पंधरा-वीस मिनिटांचं आणि त्याच दिवशी घरी. जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, तो काढणं उलट अवघड जातं. आंबा पिकवतात, मोतीबिंदू पिकवायचा नसतो, असं आईला सांगा. आंब्याच्या घरात हे पटेल.

वहिनींची विम्याची कल्पना चांगल्या मनाची आहे, पण इथे बसत नाही. निदान झालेलं आहे, ते अर्जात लिहावंच लागेल. लपवलं तर पुढे मोठ्या आजारात दावा नाकारला जायची भीती. मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं आणि आधीच असलेल्या आजाराला ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते (एप्रिल २०२४ आधी चार वर्षांपर्यंत होती). तीन वर्षांचा हप्ता ७८,००० होतो, ऑपरेशन ६०,००० चं. शिवाय बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूच्या खर्चाला वेगळी मर्यादा असते. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत ती एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, यातलं जे कमी ते.

त्यापेक्षा आईचं वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. कार्ड आधारवर निघतं, पैसे पडत नाहीत. रुग्णालय योजनेत आहे का आणि मोतीबिंदूचं पॅकेज तिथे चालतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी विचारा. हे उपचार कॅशलेस आहेत. आधी बिल भरून नंतर पैसे मागायची सोय समजू नका. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. फुकट म्हणजे हलकं, असं मनात आणू नका. तिथल्या डॉक्टरांचं हे रोजचं काम आहे. मात्र तारीख फार लांबची मिळाली तर खाजगीत करून टाका, पैसे आहेत तुमच्याकडे.

लेन्सच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. मल्टिफोकलला दोन डोळ्यांचे १,००,००० जास्त जातात, आणि मिळतं काय, तर चष्म्यावाचून लांबचं आणि जवळचं. साध्या लेन्सने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. आईने चाळीस वर्षं चष्मा वापरलाय, तिला त्याचं ओझं नाही. मल्टिफोकलमध्ये काहींना रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. त्यात आईला साखर आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) साखरेचा परिणाम झाला असेल तर महागडी लेन्स बसवून उपयोग होत नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी पडदा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या. नजर किती परत येईल ते पडद्यावर अवलंबून असतं आणि ते डॉक्टरांच्या तोंडून आईसमोर ऐका. काहींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागे जाळी धरते, ती लेसरने मोकळी करतात. त्यासाठी थोडे पैसे वेगळे राहू देत.

उरलेल्या १,००,००० मधून, तुम्ही पत्रात लिहिलेलं सोसायटीचं ६०,००० पीक कर्ज मुदतीत फेडा, नाहीतर व्याजाची सवलत जाते. ४०,००० बँकेत ठेवा, पावसाळा आहे. योजनेतून किंवा सरकारी रुग्णालयात काम झालं तर ऑपरेशनचे ६०,००० परत त्यातच येतील. टेम्पोचं तुमचं गणित मला अजून कच्चं वाटतं. आंबा तीन महिने वाहणार, हप्ता बाराही महिने.

आईची २,००,००० ची एफडी मोडू नका. ‘माझ्या माघारी तुम्हाला’ म्हणून तिने ती जपलीय, तिला त्याचा आधार आहे. आणि आईला दिसू लागलं की गेल्या हंगामात आंबा निवडायला लावलेल्या बाईचे १६,००० वाचतील, हा तुमच्या पत्रातला हिशोब मी मुद्दाम धरला नाही. आईला पडवीत बसून डागी आंबा बाजूला काढावासा वाटला तर काढील, नाही वाटला तर नाही.

पहिला डोळा जुलैच्या सुरुवातीला घ्या आणि दुसऱ्याची तारीख त्याच दिवशी मागा. एकाच डोळ्यावर थांबलं की अंतराचा अंदाज नीट येत नाही, पायरी चुकते. थेंब चार ते सहा आठवडे, दिवसातून अनेकदा घालायचे, त्यासाठी घरातलं एक माणूस नेमून द्या. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी नको, चुलीचा धूर नको, वाकून उचलाउचल नको. म्हणून दुसरा डोळा गणपतीच्या निदान महिनाभर आधी उरकायला हवा, कारण एकदा चाकरमानी आले की ती चुलीपासून लांब राहणार नाही.

टेम्पोचं कोटेशन आणि वर्षभराच्या भाड्यांचा अंदाज घेऊन दिवाळीनंतर परत लिहा.